पुकारा झाल्यावर

वकिली करताना कायदा किती डोक्यात राहतो माहीत नाही, किस्से मात्र साचत जातात. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये शिपाई मुनीरभाई आणि मी चहाला बसलो की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा. बहुतेक सगळे एकाच जातीचे: समन्स आलं, पुकारा झाला आणि माणूस आलाच नाही! सांगताना हसू येतं, घरी जाताना मात्र वाईट वाटतं.

तारीख चुकलेल्याला माझा सल्ला ठरलेला. लपू नका. दुसऱ्या दिवशी स्वतः या, खरं कारण सांगा, वॉरंट निघालं असेल तर रद्द करायला अर्ज देऊ. जज काही खात नाहीत! पण हे ऐकायला माणूस आधी यायला तर हवा.

*

आमच्याकडच्या ईट गावचा एक गडी मुंबईकडे नोकरीला. बांधाच्या भांडणात तो चुलत्याचा साक्षीदार. आमच्या वाशी तालुक्याच्या कोर्टात पुकारा झाला, हा गायब! चुलता घामाघूम. मी फोन लावला.

"कुठं हायेस बाबा?"

"साहेब, सकाळपासून वाशीतच हाय की! हितं कुणाला आपली केसच म्हाईत न्हाय!"

समन्सवर वाशी वाचून पठ्ठ्या नवी मुंबईच्या वाशीला जाऊन बसला होता! चुलत्यानं माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "आरं, तुज्या आज्यानं बैल कुठल्या वाशीत इकलं रं?"

*

एका बाईची पोटगीची केस. मुनीरभाईंनी तीनदा पुकारा केला, "वैशालीबाई, हाजिर!" कुणी हललं नाही. तिचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. अर्जदार गैरहजर, केस निकाली.

संध्याकाळी दाराशीच बसलेल्या एका बाईनं मुनीरभाईंना विचारलं, "भाऊ, माजा नंबर कवा?"

"नाव काय ताई?"

"चंद्रकला."

मुनीरभाईंनी कागदावरचं नाव वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाली, "वैशाली नाव लग्नात तांदळात लिव्हलं व्हतं. त्या नावानं मला कुणी हाक मारलीच न्हाय."

अर्ज देऊन केस पुन्हा उभी केली. पण मधल्या काळात ती लेकरं घेऊन भाकरीला महाग झाली, ते काही भरून निघालं नाही. तेव्हापासून मुनीरभाई कोर्टात येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी विचारतात, "ताई, माहेरचं नाव?"

*

तुळजापूरचे एक पुजारी काका. साक्षीचं समन्स आलं ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं. तारीख गेली, पोलीस वॉरंट घेऊन दारात! काका शांत. "आईच्या पायाशी ठेवलंय. ती बघून घेईल."

हवालदार भाविक. त्यानं बूट काढले, आत जाऊन हात जोडले आणि म्हणाला, "काका, आईनंच धाडलंय मला. चला!"

वॉरंट रद्द झालं, साक्षही झाली. पण ज्या मित्रासाठी बोलायचं, तो तोवर वारला होता. काका बोलता बोलता रडले.

*

येडशीच्या रस्त्यावर गफूरचाचांचं पंक्चरचं दुकान. त्यासमोरच एका टेम्पोनं सुभद्राबाईंच्या मुलाला उडवलं, त्यात तो गेला. पाहणारे एकटे चाचा. टेम्पोवाल्यावर केस झाली. सुभद्राबाई प्रत्येक तारखेला येऊन भिंतीला टेकून बसायच्या. म्हणायच्या, "शिक्षा व्हवो न व्हवो. पर ज्यानं बघितलं त्यानं सांगावं. मला ऐकायचंय."

चाचांच्या मनात कुणीतरी भरवलं, साक्षीला गेलं की आपणच अडकतो. समन्स येताच दुकानाला कुलूप लावून ते कर्नाटकात लेकीकडं गेले. वॉरंट निघालं, चाचा सापडले नाहीत. टेम्पोवाला पुराव्याअभावी सुटला. सगळे गेले तरी सुभद्राबाई भिंतीपासून उठल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

पुढं एकदा चाचा माझ्यासमोर येऊन उभे.

"वकीलसाब, आता देतो साक्ष. कुठं उभं ऱ्हाऊ?"

"चाचा, केस संपली. आता कोर्ट ऐकणार नाही."

"मग कुणाला सांगू?"

 मी त्यांना गाडीवर बसवलं आणि सुभद्राबाईंच्या दारात नेलं.

त्या बाहेर आल्या. चाचांनी टोपी सारखी केली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. "खुदा की कसम, खरं सांगतो," म्हणाले, आणि सगळं सांगितलं. टेम्पो कुठून आला, पोरगं कुठं पडलं, कोण पळालं. सुभद्राबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं,

"पानी मागितलं का वो त्यानं?"

"व्हय माय. म्या पाजलं."

सुभद्राबाई आत गेल्या, तांब्या भरून घेऊन आल्या आणि चाचांपुढं धरला.

"घ्या," म्हणाल्या.