धाकट्यानं उचललेला वाटा

२०१० साली, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर, माझ्या मामासासऱ्यांनी सख्ख्या धाकट्या भावावर लावलेला जमिनीचा दावा मागे घेतला. दावा १९९९ पासून चालू होता. समेट कोणी घडवून आणला नव्हता, कोणी कोणाला काही दिलं-घेतलं नव्हतं आणि गोंदियातल्या वकिलाच्या मते निकाल अजून लांब होता. टीव्हीवरच्या मालिकेतला न्याय स्वतःच्या शेताला लावून घेणारा आणि त्यात स्वतःच हरणारा माणूस माझ्या माहितीत तरी हा एकच.

मामासासरे म्हणजे बायकोचे थोरले मामा. आमगाव स्टेशनवर उतरून काळी-पिवळी जीपने गेलं की त्यांचं गाव येतं. उंच, वाळके, खांद्यावर दुपट्टा आणि चेहऱ्यावर कायम ‘मले हे आधीच माहीत होतं’ असा भाव. पावसाचा अंदाज, पोलीस पाटलाची तब्येत, कोणाच्या म्हशीला रेडा होणार की पारडी, हे सगळं ते आधी सांगत आणि उलटं घडलं तर ‘मी म्हनलो नवतो का’ असं म्हणून मोकळे होत. गाव त्यांचं ऐकून घेई, कारण मनाने माणूस चांगला होता. कोणाच्या घरी मयत झाली की लाकडं घेऊन पहिली बैलगाडी त्यांची निघे. स्वतःच्या जमिनीचा विषय निघाला की मात्र या चांगुलपणाला तात्पुरती रजा मिळे.

भांडण होतं ते एका बांधीचं. बांधी म्हणजे धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलेलं धानाचं वावर. ही बांधी बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, पोटाशी होती. पाऊस दडला तरी तिथलं धान करपत नसे. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. त्यांच्या घरातली रीत अशी की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा. पाडणारा त्यामुळे आपोआप सरळ राहतो, असा जुन्या लोकांचा हिशेब. मामांनी त्या हिशेबावर वरताण हिशेब केला. एका वाट्यात त्यांनी सडकेला लागून असलेला मोठा तुकडा घातला, विहीर घातली, मोहाची झाडं घातली. जमीन तेवढी उंचावरची, आठवडाभर पाऊस नसला की भेगाळणारी. दुसरा वाटा दिसायला लहान ठेवला आणि बोडीची बांधी त्यात सरकवून दिली. धाकटे तेव्हा आमगावच्या एका राइस मिलमध्ये कामाला होते. मिलमधला माणूस, शेतीतलं याला काय कळतं, मोठा तुकडा बघून हुरळून जाईल, असा मामांचा अंदाज होता. धाकट्यांनी पंचांसमोर शांतपणे पान खाल्लं, दोन्ही वाटे पायी फिरून पाहिले आणि लहान वाटा उचलला. “मले एवढंच पुरते,” असं ते म्हणाल्याचं तिथे हजर असलेले लोक सांगतात.  मामांनी नंतर वकील गाठला.

दाव्याची अडचण अशी होती की ज्याच्याकडे जमीन जास्त आली होती, तोच वाटणी असमान झाल्याची तक्रार करत होता. वकील गोंदियाचे, बोलणं हिंदी. ते दर तारखेला म्हणत, “काका, केस में दम है, बस थोड़ा समझाना पड़ेगा.” हे समजावणं दहा-अकरा वर्षं चाललं. तारखेच्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालत. गावातून सकाळी एकच जीप निघत असल्यामुळे वादी आणि प्रतिवादी एकाच जीपने कोर्टात जात. ड्रायव्हर समजूतदार होता. तो एकाला पुढे आणि दुसऱ्याला पार मागे बसवी आणि मध्ये बाजाराला निघालेल्या बाया भरी. परतताना उशीर झाला तर मामा ड्रायव्हरला हळूच विचारत, “मागचा मानूस आला का?” तो आल्याशिवाय जीप हलू देत नसत. भावाशी मात्र शब्द नाही. गावातला तिसरा माणूस मध्ये असला तर ते त्याच्याशी बोलून भावाला ऐकवत, आणि धाकटेही उत्तर त्याच तिसऱ्या माणसाला देत.

तशात मालिका सुरू झाली. रोज संध्याकाळी लागणारी, गावाकडची, शेतकरी कुटुंबाची. दोन भाऊ, एक जमीन, एक कारस्थानी थोरला आणि एक सोशिक धाकटा. मामा पहिल्या दिवसापासून धाकट्याच्या बाजूने उभे राहिले. मालिकेतल्या शेतीबद्दल त्यांचं मत वाईट होतं. तिथले शेतकरी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत धुऱ्यावर उभे राहून बोलत आणि कोणाच्याच पायाला चिखल लागत नसे. बायका भरजरी साड्या नेसून भाकरी थापत. “जवाईबापू, दिवाळीपासून पाहून राहिलो,” ते मला म्हणाले, “हा ऊस वाढतच नाई. कोन पानी देते त्याले? तिघं भांडून राहिले, चौघं आयकून राहिले, वावरात कोनीच नाई.” एकदा बैलजोडीतला एक बैल मधेच बदलल्याचं त्यांनी पकडलं आणि जुना बैल कोणाला विकला याची चौकशी मला करायला सांगितली. मी वर्तमानपत्रात होतो. पेपरवाले आणि टीव्हीवाले एकाच हापिसात बसतात, अशी त्यांची खात्री होती.

जमिनीचा प्रश्न आला की मात्र थट्टा बंद. मालिकेतल्या थोरल्याला ते ‘तो हरामी’ म्हणत आणि त्याच्याबद्दल असं बोलत की ऐकणाऱ्याला तो शेजारच्या गावचा वाटावा. सौंदडच्या एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी त्याचं वर्णन केलं. त्यानं लहान भावाचं पाणी कसं तोडलं, भावजयीला उन्हात कसं उभं केलं. वरपक्षाकडचे एक वयस्कर गृहस्थ कळवळले आणि त्या धाकट्याला आपल्या ओळखीच्या तहसील कचेरीतल्या माणसाकडे पाठवून द्या म्हणाले. मामांनी त्या माणसाचं नाव नीट विचारून घेतलं. मालिकेतल्या माणसाला ते कसं कळवणार होते, याचा खुलासा मिळालेला नाही.

आपण स्वतः थोरले आहोत, हे या सगळ्यात त्यांच्या ध्यानात आलं नाही. गावाच्या आलं होतं. पारावर त्यांचं बोलणं सुरू झालं की लोक माना खाली घालून तंबाखू मळत. मी मामींना एकदा विचारलं, तुम्ही का सांगत नाही? मामी चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या, “याईले आरसा देला तं म्हनतीन, हा मानूस कोन हाय.”

त्या काळात भारनियमन जोरात होतं. गावाचे दोन भाग दोन फेजवर होते आणि बरेचदा नेमक्या मालिकेच्या वेळी मामांच्या आळीतली लाइट जाई. धाकट्यांच्या आळीत ती असे. धाकट्यांच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, बोअरिंग, म्हणजे हातपंप, होती. मामा पाय धुवायला म्हणून तिथे जात आणि मालिका संपेपर्यंत पाय धुत. उघड्या खिडकीतून चित्र दिसत नसे, आवाज येई. मामा बोअरिंगच्या ओट्यावर येऊन बसले की आतल्या टीव्हीचा आवाज वाढे. मी स्वतः हे एकदा पाहिलं आहे. धाकट्यांना नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मले कमी आयकू येते, बापू.” त्यांचे कान उत्तम होते. जाहिराती लागल्या की आवाज कमी होई, मालिका लागली की पुन्हा चढे. मध्येच मामा कोणालाही उद्देशून नाही असं विचारत, “आता कोन बोलला?” आणि घरातून, कोणालाही उद्देशून नाही असं, उत्तर येई, “वकील हाय.” तिसरा माणूस मध्ये न घेता दोघा भावांचं एवढंच बोलणं होतं.

पुढे गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या. भांडणं कोर्टात न जाता गावातच मिटावीत म्हणून. अध्यक्ष कोण, यावर ग्रामसभा बराच वेळ चालली, कारण ज्याचं नाव निघे त्याचं सभेत बसलेल्या कोणाशी तरी भांडण असे. मामांचं भांडण फक्त भावाशी होतं आणि भाऊ त्या दिवशी नवेगाव बांध या गावी सोयऱ्याकडे गेला होता. मामा एकमताने निवडून आले. गावातला सर्वात जुना दावा चालवणारा माणूस तंटामुक्तीचा अध्यक्ष झाल्याची बातमी मी केली नाही. नातं होतं म्हणून.

अध्यक्ष म्हणून त्यांनी बऱ्यापैकी काम केलं. न्याय ते मालिकेच्या आधाराने देत. कोणी सुनेला घराबाहेर काढलं की, “तिकडं असंच झालं होतं. मंग काय झालं? म्हातारी एकटी पडली,” असं म्हणत. म्हातारी खरंच एकटी पडली होती, साऱ्या गावाने पाहिलं होतं, त्यामुळे कोणी उलट बोलत नसे. कायद्याची कलमं सांगून जे मिटलं नसतं ते असं मिटे.

२०१० चा उन्हाळा सरता सरता मालिकेत वाटणी आली. तिथेही थोरल्यानं वाटे पाडले, धाकट्यानं उचलला आणि थोरला उलटला. त्या आठवड्यात मामा कोणाशी धड बोलत नव्हते. नेमकं त्याच सुमारास खालच्या टोलीतल्या, म्हणजे वाडीतल्या, दोन भावांचं प्रकरण समितीपुढे आलं. थोरल्याची तक्रार होती. बैठक ग्रामपंचायतीत, भर सकाळी. मी सुट्टीवर होतो आणि मामांनी मला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. पुढचं बोलणं मी ऐकलेलं आहे.

“मामाजी, त्यानं वाटा उचलला तं मले इचारलंही नाई,” तक्रारदार म्हणाला.

“काऊन इचारन तो? वाटे कोनं पाडले?”

“मीनं.”

“मंग रडतं काऊन? तुले नाल्याकडचा पायजे होता. म्हनून तू तो लहान करून ठेवला, का त्यानं मोठा पाहून मोठाच उचलावा. तो उचलला नाई, म्हनून तुह्या पोटात दुखून राहिलं. थोरल्याची नियत वाट्यातच दिसते, गा. हे मले नको सांगू, मी रोज पाहून राहिलो. लिवा पाटील, धाकट्यानं उचललं ते धाकट्याचं.”

पोलीस पाटील लिहायला वाकले होते, ते तसेच वाकलेले राहिले.  तक्रारदाराने अगदी साध्या सुरात विचारलं, “अन् तुमची बोडीची बांधी, मामाजी?”

“ते कोर्टात हाय.”

“मंग मी बी जातो कोर्टात.”

 कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्याने खोकला दाबला. मामांनी पाण्याचा गिलास उचलला, प्याले नाहीत, परत ठेवला. दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. इतकी वर्षं ते ज्याला टीव्हीवर शिव्या देत होते, तो माणूस तिथे खुर्चीवर बसला होता आणि हे त्या खोलीत सर्वात शेवटी त्यांनाच कळत होतं.

“तू नको जाऊ,” ते अखेर म्हणाले. “मी वापस येतो.”

पुढच्या सोमवारी ते गोंदियाला गेले. सोबत मी होतो. वकिलांना आधी वाटलं, भावाने काही देऊ केलं असेल. “काका, इतने साल लड़े, अब हारने वाली क्या बात हुई?” मामा म्हणाले, “हारलो नाई, साहेब. निकाल मीच देला.” वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो. जिथे सांगितली तिथे मामांनी सही केली आणि दर वेळेसारखं भावाला शोधत न थांबता आम्ही मिळेल त्या बसने परतलो.

भावाला त्यांनी काही कळवलं नाही. धाकट्यांना ते जीपच्या ड्रायव्हरकडून समजलं. धाकट्यांनीही काही निरोप पाठवला नाही. गावाला वाटलं होतं, गळाभेट होईल, रडणं होईल, निदान चहा तरी. तसं काही झालं नाही. दोघं रस्त्यात समोरासमोर आले की पूर्वी एक जण वळे, आता कोणी वळत नसे, एवढा फरक पडल्याचं मामी सांगतात.

त्यांच्या घरात रोवणीच्या पहिल्या दिवशी धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पहिली जुडी घरातल्या सर्वात मोठ्या माणसाने लावायची असते. वाटणी झाल्यापासून बोडीच्या बांधीत ती धाकटे स्वतःच लावत. त्या वर्षी सकाळी रोवणीच्या बाया धुऱ्यावर येऊन थांबल्या, पऱ्हे भिजत पडले आणि धाकटे काही बांधीत उतरेनात. कोणाची वाट पाहता, असं बायांनी विचारलं. ते म्हणाले, “मोठा यायचा हाय.” बोलावणं कोणी केलं नव्हतं. मामा स्वतःच्या वावराकडे निघाले होते आणि त्यांची वाट तिथूनच जात होती. बाया बाजूला झाल्या. धाकट्यांनी जुडी पुढे धरली. मामांनी दुपट्टा काढून धुऱ्यावर ठेवला, धोतर वर खोचलं आणि बांधीत उतरले. एका जुडीवर ते थांबले नाहीत. गुडघे धरत, थांबत थांबत त्यांनी एक पूर्ण कोपरा लावला. वयामुळे ओळी वाकड्या गेल्या. मग ते वर आले, पाय धुतले आणि आपल्या वावराकडे गेले. 

मामा गेल्यावर रोवणीची एक बाई तो कोपरा उपटून पुन्हा सरळ लावायला वाकली. धाकट्यांनी तिला नको म्हटलं. दिवाळीनंतर, कापणीच्या वेळी, मी गावी गेलो तेव्हा बांधीतलं बाकी धान सरळ ओळींत उभं होतं आणि तो कोपरा वाकडा होता.