माइक लावता येणारा कॅमेरा

आई धवलारीण होती. आमच्या राई गावात आणि आसपासच्या गावांत आगऱ्यांच्या घरी लग्न ठरलं की भटजीच्या आधी तिला बोलावणं यायचं. मांडवाची पहिली मेढ उभी राहिली की तिचे धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, सुरू होत. हळद दळताना वेगळा, नवरीला न्हाऊ घालताना वेगळा. गाऊन गाऊन दिवस कलायचा. लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. तिला तिच्या आत्याने शिकवलं होतं. मला मात्र तिने शाळेत घातलं.

तिच्या घशात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर आवाजाची खात्री नाही. मी म्हटलं, घरी बसून एकदा सगळे धवले म्हण, मी भरून घेते. लग्नाशिवाय धवला गात नाहीत, हे मी जणू विसरले होते.

“मांडव न्हाय, नवरी न्हाय,” ती म्हणाली. “कॅमेऱ्याचं लगीन हाय का?”

पण दादाच्या मुलीचं लग्न ठरलेलंच होतं. ते आधी, ऑपरेशन मग, असं आईनेच ठरवून टाकलं. दादा आणि मी मीरा रोडला कॅमेरा घ्यायला गेलो. मी तेव्हाही तिथे सिल्व्हर पार्कलाच राहायचे, दुकान घराच्या जवळच होतं. दुकानदाराने तीन कॅमेरे काचेवर मांडले. सगळ्यात स्वस्त हातात मावणारा होता. चित्र फुल एचडी, पण बाहेरचा माइक लावायची सोय नाही. दुसरा फोटोच्या कॅमेऱ्यासारखा, फोर के, चित्र असं की बघत राहावं. पण अर्ध्या तासाने आपोआप थांबायचा, पुन्हा बटण दाबावं लागायचं. तिसरा सगळ्यात महाग. चित्र पहिल्याइतकंच, पण माइक लागत होता, सलग तासन्‌तास चालत होता, आणि एकच चित्रण एकाच वेळी दोन कार्डांवर उतरत होतं.

दादाचं मन फोर केवर बसलं. “बाय, चेहरा बघ कसा येतोय.”

“चेहरा नकोय मला,” मी म्हटलं. “आईला दर अर्ध्या तासाने थांब म्हणून सांगणार आहेस का?”

दुकानदार हसला. “बहनजी, शादी में आवाज़ किसको चाहिए? ऊपर गाना ही तो डालना है.”

तरी मी महागडाच घ्यायला लावला. वरचे पैसे माझे, म्हणून दादाने मान्य केलं.

लग्नात आईच्या पदराला माइक लावला. “हे काय ढेकूण चिकटवलंस?” म्हणाली, आणि मग तिकडे लक्षच दिलं नाही. तिचा आवाज चिरकत होता. मध्येच ती पाणी प्यायची, बायका तेवढ्यात ओळ ओढून धरायच्या. मी कानाला हेडफोन लावून बसले होते. सगळं नीट उतरत होतं, तिच्या बांगड्यांसकट.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. पावसाळ्यानंतर आईही गेली.

दिवस झाल्यावर मी दादाकडे कार्डं मागितली. त्याने मोठ्या उत्साहाने पेनड्राइव्ह आणून दिला. लग्नाची फिल्म करणाऱ्या स्टुडिओला त्याने आमचं चित्रण दिलं होतं, आईही फिल्ममध्ये यावी म्हणून. घरात सगळे जमले, टीव्हीवर लावलं. आई जात्यापुढे बसलेली, ओठ हलतायत, आणि वर सिनेमातलं गाणं.

“किती छान आलीय,” वहिनी डोळे पुसत म्हणाली.

मी कार्डांचं विचारलं. दोन्ही एकदमच स्टुडिओत दिली होती. परत आल्यावर दादाने ती पुसून त्यांवर सत्यनारायणाची पूजा भरून घेतली होती.

“फिल्म आली होती ना,” तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं, काय बिघडलं ते.

मी स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने चहा मागवला, कॉम्प्युटर उघडून दाखवला. “मॅडम, ओरिजिनल साउंड कोई रखता नहीं. पीछे बर्तन, बच्चे, सब आता है. हमने साफ कर दिया.” नातेवाइकांच्या मोबाइलवर होतं ते सगळं स्टेटसपुरतं, त्यावरही गाणी.

या वैशाखात राईतली एक काकी घरी आली. तिच्या नातीचं लग्न होतं. धवलारीण मिळत नव्हती; जी होती तिला गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं.

“तुझ्याकं आयशीचा धवला हाय ना भरलेला? मांडवात लावू.”

“चित्र आहे, काकी. आवाज नाही.”

“न्हाय?” ती माझ्याकडे बघत राहिली. “मंग काय भरलास?”

 तरी काकीने दादाकडून पेनड्राइव्ह नेला. हळदीच्या दिवशी मांडवात मोठा पडदा लावला होता. त्यावर घराएवढ्या उंचीची माझी आई गात होती, आणि डीजे वाजत होता. बायका नाचता नाचता थांबून तिला हात जोडत होत्या, मोबाइलवर तिला टिपून घेत होत्या. मी खुर्ची ओढून पुढे बसले आणि तिच्या ओठांवरून कुठला धवला आहे ते ओळखायचा प्रयत्न करत राहिले. दोन शब्द लागले असं वाटलं. तेवढ्यात कुणीतरी जेवायला बसा म्हणून पडदा बंद केला.