मावसाजींनी पास केलेलं जहाज

मी आज आफ्रिकेत, मोंबासात कापडाच्या दुकानात उभा आहे तो माझ्या मावसाजींच्या कृपेने, हे आधी सांगून टाकतो; बाकीचं मागाहून. मावशीचे हे यजमान नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत हातमागावर लुगडी विणत, आणि स्वतः तपासल्याशिवाय जगातली एकही गोष्ट खरी मानत नसत. उद्या नागपूरला समुद्र आला असता, तर त्यालाही त्यांनी वेशीबाहेर थांबवून, चव घेऊन, मगच आत सोडला असता.

त्यातून नव्याने रंगवलेली, सजवलेली, सुधारलेली वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी संशयित आरोपी. सदरमधल्या एका हॉटेलाने भिंतभर नवे आरसे बसवले, तेव्हा मोठ्या हौसेने आम्ही तिथे चहाला गेलो. मावसाजी आरशात न पाहता थेट मोरीकडे गेले, कपबशा कुठल्या पाण्यात बुचकळतात ते पाहून आले आणि मालकाला म्हणाले, "आरसे मोठे लावले गा, पण पाणी कालचंच हाय." चहा न पिताच आम्ही बाहेर. रामटेकला जाताना तर समोर उभी असलेली नवी चकचकीत मोटार सोडून त्यांनी आम्हाला एका खडखडणाऱ्या जुन्या मोटारीत बसवलं. ती अर्ध्या वाटेत बंद पडली. उरलेली वाट उन्हात तुडवताना मावशीचं तोंड थांबेना. "घ्या! ही तुमची तपासलेली मोटार!" मावसाजी शांतपणे म्हणाले, "पण तिनं फसवलं नाई वं आपल्याले. पहिल्यापासून खडखड करून सांगूनच राहिली होती."

अशा माणसाच्या हाती माझा प्रवास पडला. वडील गेल्यावर सातवीत शाळा सोडली होती. ओळखीतून मोंबासाच्या एका शेठने दुकानात कामाला बोलावलं आणि मुंबईच्या एजंटाने जहाजाचं चित्र छापलेला कागद पाठवला. जहाज नुकतंच नव्याने सजवलेलं, वर नाचघर, पोहायला हौद! गल्लीत तो कागद हातोहात फिरला. मला पाण्याची एवढी धास्ती की अंबाझरीचा तलाव दिसला तरी मी वाट बदलायचो. त्या चित्राने जरा धीर आला. मावसाजींनी मात्र कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. "काहून सजवलं म्हणते? अन् याचं तिकीट सगळ्यात सस्तं, डेकचं, तर डेकचं चित्र कोठी हाय?" आईने तिथल्या तिथे ठरवलं. मावसाजी स्वतः जहाज पाहून हो म्हणतील, तरच पोरगा जाईल.

मुंबईत आम्ही दोघांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी एजंटाचा कारकून आम्हाला वर घेऊन गेला. जहाज धक्क्याला घट्ट बांधलेलं होतं, तरी पाऊल ठेवताक्षणी मावसाजींचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला. खांब धरत, मध्येच डोळे मिटत ते चालले होते, पण एकही कोपरा त्यांनी सोडला नाही. शेवटी आम्ही खाली यंत्राजवळ, डेकवाल्यांच्या जागेत पोचलो. तिथे उकाडा असा की बोलायलाही श्वास पुरेना. एक कोकणी खलाशी म्हणाला, "आधी डेकवाले वरती वाऱ्यात झोपायचे, चाचा. आता तिथे हौद झाला, म्हणून ह्यांना खाली आणलं." मावसाजी तिथेच आडवे झाले. पाय लांबवले तेव्हा तळव्याला तापलेला नळ लागला.

"उठा हो काका," कारकून ओशाळून म्हणाला. "वर नाचघर किती सुंदर झालंय, पाहिलंत ना?"

"पाह्यलं. हा पोट्टा मोंबासाले नाचाले चालला का?"

मला रडू फुटलं. हे जहाज गेलं तर शेठ दुसरा माणूस ठेवील, आणि पुन्हा मला कोण बोलावणार? "मी झोपेन कसाही, मावसाजी," मी म्हटलं.

"तू झोपशील गा. पण तुह्या मायले जाऊन मले सांगाचं हाय. मी खोटं नाई सांगत."

मग त्यांनी एजंटाच्या कचेरीत ठाण मांडलं. पुढच्या जहाजाचं तिकीट द्या आणि पोट्ट्याला उशीर होईल अशी शेठला तार करा, एवढंच त्यांचं मागणं. कारकून ऐकेना, तेव्हा ते भर कचेरीत टेबलाखाली शिरून झोपले. "याची जागा इतकीच हाय, बाबू. तुम्ही इथं एक रात्र झोपून दाखवा, उद्या याले मी सोता चढवून देतो." तिकीट बदललं, तार गेली. पण उत्तर यायच्या आधीच ते सजवलेलं जहाज दिवे लावून निघून गेलं, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या मला वाटलं, आपलं नशीबच चाललं. दुसऱ्या दिवशी शेठचं उत्तर आलं. पुढच्या जहाजाने आला तरी चालेल.

त्या पुढच्या जहाजाचं चित्र कुणीच छापलं नव्हतं. बाहेरून रंग उडालेला. हे जहाज मावसाजी डोळे झाकून पास करणार, असं मला वाटलं. पण छे! तोच पिवळा चेहरा, तीच वणवण. आणि गंमत म्हणजे आत सुधारणा झालेली होती: डेकवाल्यांकडे नवे नळ, नवे पंखे, संडासांना नवी दारं. मावसाजींनी नळ सोडून पाणी प्यायलं. संडासात शिरून दार लावलं आणि आतूनच ओरडले, "कडी बसते गा!" बाहेर आले ते जरा विचारात पडलेले. "हे बी नवंच केलं यांनी. पण आपल्या डेकवाल्यांसाठी केलं." जन्मभराचा कायदा त्यांनी तिथे, खांब धरून, दुरुस्त केला. "नवं झालं म्हणून भ्याचं नाई. कोणासाठी झालं, ते इचाराचं." मग धक्क्यावर उतरून एका बाजूला गेले, पोटातलं सगळं ओकले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसत म्हणाले, "तुह्या मायले सांगतो. पास."

वाटेत मला समुद्र लागला तो लागलाच, पण पंख्यांच्या वाऱ्यात पडून होतो म्हणून निभावलं. स्वतःच्या पायांनी उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात उभा राहिलो.

मावशी लिहिते की गल्लीतले माग एकेक करून थांबले, मावसाजींचाही थांबला. घराला नवा चुना दिला तर आठवडाभर अंगणात झोपले म्हणे. आता ओट्यावर बसून असतात, आणि कुणी दूरच्या गावी निघालेला दिसला की हटकून विचारतात, "तुह्या जागेले वारा लागते का गा?"

एक दिवस मी त्यांना जहाजाने इकडे आणणार आहे. जहाज मी निवडणार नाही, ते निवडतील. पिवळे पडतील, खांब धरतील, कड्या लावून पाहतील. नाही म्हणाले, तर ते जहाज खुशाल जाऊ दे. पुढचं येईपर्यंत मी धक्क्यावर त्यांच्याशेजारी उभा राहीन.