पडवीतून शोधलेली जहाजं

किस्से जमवायचे असं मी काही ठरवलं नव्हतं. मी वहीत जहाजांच्या जागा लिहीत होते. जहाजाचं नाव, अक्षांश, रेखांश, वेग आणि वेळ, असे रकाने आखले होते. पण संध्याकाळी समुद्राकाठच्या मिऱ्या गावातल्या आमच्या घरी पडवीत तीन बायका बसतात आणि त्या गप्प बसत नाहीत. त्या बोलायच्या, मी समासात लिहायचे. आता वही उघडली की समास भरलेले दिसतात आणि बाबांच्या जहाजापुढचा वेळेचा रकाना महिनाभर रिकामा.

तिघी म्हणजे माझी आई, शेजारच्या शालनकाकू आणि मिरकरवाड्यातून चालत येणाऱ्या झुबेदा चाची. बाबा मालवाहू जहाजावर फिटर आहेत. काकूंचा प्रथमेश दुसऱ्या एका जहाजावर डेकवर काम करतो, चाचींचे यजमान तिसऱ्यावर स्वयंपाकी. तिघी आपापल्या माणसाला शोधायला येतात आणि शोधायचं काम माझ्याकडे आहे.

*

सुरुवात शाळेत झाली. कॉम्प्युटरच्या सरांनी एपीआय शिकवलं. म्हणाले, "ही काउंटरची खिडकी समजा. आत जाऊन कपाटं उघडायची नाहीत. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आतला माणूस शोधून तेवढंच देतो." वर्गातल्या बाकीच्यांनी क्रिकेटचा स्कोअर मागितला, कोणी हवामान. मी जहाजांच्या जागा सांगणारी एक खिडकी शोधली आणि बाबांचं जहाज मागितलं.

घरी बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर उत्तर आलं. नाव, जागा, वेग, वेळ. एकच ओळ.

आई म्हणाली, "एवढंच?"

शालनकाकू चष्मा लावून पुढे वाकल्या. "आमचा प्रथमेश फोनवर याच्यापेक्षा कमी बोलतो. माझंही जहाज घाल गो बाय यात."

*

काकूंना जहाजाचं नाव तेवढं माहीत होतं, गोल्डन होप. मी नाव घातलं, तर अकरा जहाजं आली.

"यातलं कुठलं, काकू?"

काकूंनी सगळी यादी वाचायला लावली. एक कांडल्याजवळ होतं. "हेच," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"जवळ आहे म्हणून."

दोन आठवडे त्या कांडल्याच्या जहाजावर जीव लावून होत्या. ते बंदरात शिरलं की त्यांना जेवण जायचं, बाहेर पडलं की त्या गप्प व्हायच्या. मग प्रथमेशचा जुना कागद सापडला. त्यावर जहाजाचा सात आकडी नंबर होता. तो नंबर एकाच जहाजाचा असतो, नाव बदललं तरी बदलत नाही. नंबर घातला, तर अकरातलं एकच उरलं. ते ब्राझीलला होतं. कांडल्याचं होतं ते गाळ काढणारं जहाज.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "ब्राझीलचं ठेव. पण कांडल्याचं पण राहू दे. सवय झाल्ये."

*

चाचींची मागणी वेगळी होती. "बेटा, उभी असलेली जहाजं मला दाखवू नको. उभं जहाज बघितलं की घोर लागतो. चालती तेवढी दाखव."

चिठ्ठीत अशी अट घालता येते. तिला फिल्टर म्हणतात. मी लिहिलं, वेग शून्यापेक्षा जास्त असेल तरच.

दुसऱ्या दिवशी चाचींचं जहाज आलंच नाही. यादी रिकामी. चाची उठून उभ्या राहिल्या. "माझा माणूस कुठे गेला?"

माणूस कुठेही गेला नव्हता. जहाज सिंगापूरबाहेर नंबर लागायची वाट बघत नांगरावर होतं, आणि उभी जहाजं दाखवू नको असं आम्हीच सांगितलं होतं. मी अट काढली. जहाज परत आलं, वेग शून्य.

चाची खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "असू दे उभा. उभा आहे म्हणजे आहे."

*

खातं फुकटचं होतं, त्यामुळे दिवसाला वीसच प्रश्न विचारता यायचे. ते संपले की खिडकी उद्यापर्यंत बंद. काकू एन्टर दाबायला शिकल्या आणि एके दिवशी मी शाळेतून येईपर्यंत वीसच्या वीस संपले होते.

"काकू, वीस वेळा?"

"दर वेळी थोडा थोडा सरकत होता गो."

मग वाटणी झाली. प्रत्येकीला सहा, आणि दोन अडीअडचणीला. काकूंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, "घरात बसून पण सरकारी दवाखान्यासारखी रांग लावायची. मग हे एवढं शिकून काय केलंस?"

*

एक दिवस मला वाटलं, शिळी माहिती नको. म्हणून मी अट घातली, गेल्या चोवीस तासांत दिसलेली जहाजंच दाखव. यादीत कांडल्याचं सोडून तीन जहाजं यायला हवी होती. दोन आली.

मी फक्त बाबांचं मागितलं. उत्तरात दोन चौकटी कंस आले, आत काही नाही.

मी ते शाळेत सरांना दाखवलं. जहाज कोणाचं ते सांगितलं नाही. सरांनी वरचा आकडा दाखवला. दोनशे. "दोनशे म्हणजे तुझा प्रश्न आत नीट पोचला. चुकला असता तर चारशेच्या पुढचं काहीतरी आलं असतं."

"पण आत काही नाही, सर."

"मग त्या अटीत बसणारं कोणी नाही. तुझं काम बरोबर आहे."

त्यांनी दहापैकी दहा दिले. घरी आईने विचारलं, "दहा कशात मिळाले?" मी म्हटलं, "शोधण्यात."

*

मी अट काढली, तेव्हा बाबांचं जहाज पुन्हा दिसलं. जहाज आपली जागा स्वतःच कळवत असतं; ते बोलायचं थांबलं तरी खिडकीवाला त्याची शेवटची जागा जपून ठेवतो आणि मागितली की तीच देतो. जागा एका आखाती बंदराबाहेरची होती, वेग शून्य. वेळ मात्र चार दिवसांपूर्वीची.

कुठले रकाने हवेत तेही चिठ्ठीत लिहिता येतं. मी बाबांच्या चिठ्ठीतून वेळ काढून टाकली.

नऊ दिवस मी संध्याकाळी जागा वाचून दाखवत होते. आई मान हलवायची. बाबांचा फोनही लागत नव्हता. आई म्हणायची, "तिथे रेंज नसेल." मी म्हणायचे, "हो, नसेल."

दहाव्या दिवशी काकू आणि चाची गेल्यावर आई म्हणाली, "शालनच्या मुलाची वेळ वाचतेस. चाचींच्या घरची वाचतेस. आपली वाचत नाहीस."

मी लॅपटॉप मिटला.

"पहिल्या दिवसापासून बघत्ये," आई म्हणाली. "तुला वाटत होतं मला कळत नाही, म्हणून मीही विचारलं नाही."

*

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. चाची म्हणाल्या, "माझे सहा प्रश्न तू घे."

काकूंनी बोटं मोजली. "माझे चार घे. दोन राहू देत."

असे, अडीअडचणीचे दोन धरून, दिवसाला अठरा प्रश्न बाबांच्या वाट्याला आले. अठराही वेळा तीच जागा, शेवटच्या दशांशापर्यंत तीच. शून्याने तरी थोडं हलावं असं मला वाटायचं.

*

मग आईने मुंबईच्या एजंटला फोन लावला. बाबांना त्या जहाजावर त्यानेच लावलं होतं. आईने फोन स्पीकरवर ठेवला. मी वही घेऊन शेजारी बसले.

"ताई, तुम्ही उगाच घाबरता," तो म्हणाला. "आमच्या सिस्टीमला जहाज व्यवस्थित दिसतंय. सगळं ओके आहे. हवं तर जागा लिहून घ्या." आणि त्याने आकडे वाचायला सुरुवात केली. पंचवीस, दशांश, चार, एक... मध्येच त्याला खोकला आला.

मी वहीतले पुढचे आकडे वाचले. मला वाटलं मनात वाचले, पण ते मोठ्याने वाचले गेले असावेत.

पलीकडचा खोकला थांबला. मग त्याने विचारलं, "कोण बोलतंय?"

आई म्हणाली, "आमची सिस्टीम."

त्यानंतर त्याने आमचा फोन उचलला नाही. इतर कोणाला विचारायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या माणसाने जहाजाचं नाव विचारलं, कुठल्या देशाचं ते विचारलं, आणि शेवटी विचारलं, "पण हरवलंय कशावरून? नकाशावर तर दिसतंय."

*

जहाज गप्प झाल्याच्या सव्वीसाव्या दिवशी आई पोळ्या लाटता लाटता बाहेर आली. हाताला पीठ होतं. "तुझ्या त्या खिडकीला त्यांचं जहाज विचारू नकोस," ती म्हणाली. "त्यांच्या आजूबाजूला कोण आहे ते विचार."

इतक्या दिवसांत हे मला सुचलं नव्हतं. नाव नाही, नंबर नाही, फक्त समुद्राचा एक चौकोन द्यायचा आणि त्यात कोण आहे ते मागायचं. बाबांच्या शेवटच्या जागेभोवती मी चौकोन आखला. गेल्या चोवीस तासांची अट घातली. तेवीस जहाजं आली. सगळी बंदरात शिरायची वाट बघत उभी.

"यात आपली माणसं असलेली कुठली?" आईने विचारलं.

असा रकाना नसतो. मी तसं सांगितलं.

"नावं वाच," चाची म्हणाल्या.

मी वाचत गेले. सोळाव्या नावाला चाचींनी हात वर केला. "परत वाच." मी वाचलं. "ह्याच्यावर आमच्या बहिणीचा जावई आहे. अल्ताफ. गेल्या महिन्यात चढला."

चाचींनी तिथूनच बहिणीला फोन केला, बहिणीने मुलीला, मुलीने नवऱ्याला मेसेज टाकला. बाबांच्या जहाजाचं नाव मी इंग्रजीत लिहून पाठवलं आणि रंगही, काळा आणि खाली लाल.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, बोलून पाठवलेला मेसेज. रविवार होता. तिघी पडवीत होत्या. चाचींनी फोन मधोमध ठेवला. वाऱ्याचा आवाज आणि त्यात अल्ताफ.

"मावशी, जहाज आहे. आमच्यापासून लांब नाही. नांगरावर आहे. इंजिन बंद, दिवे पण नाहीत. रेडिओवर हाक मारली, कोणी बोलत नाही. डिझेल संपलं असेल. माणूस कोणी दिसला नाही मला. मागच्या बाजूला दोरीवर कपडे आहेत तेवढे."

काकू हळूच म्हणाल्या, "कपडे आहेत म्हणजे माणसं आहेत." मग स्वतःच म्हणाल्या, "जुने पण असतील."

आईने चाचींचा फोन हातात घेतला. कुठे दाबायचं ते तिने मला विचारलं आणि तोंडाजवळ धरून ती बोलली, "अल्ताफ, मी बोलत्ये, ह्यांच्या घरून. बाळा, दुर्बीण असेल तर एवढं बघशील का, कपडे कसे घातलेत वाळत?"

काकू आईकडे बघत राहिल्या. चाचींनी तोंडावर पदर घेतला होता.

पाऊण तासाने पुढचा मेसेज आला.

"काकी, बघितलं. सगळे शर्ट उलटे करून घातलेत. आणि एकाची बाही दुसऱ्याच्या बाहीला बांधलेली, अशी अख्खी रांग. असं कोणी करताना मी पाहिलं नव्हतं."

आईने ते एकदाच ऐकलं.

शालनकाकूंनी मान वळवून आमच्या परसात पाहिलं. मग चाचींनी पाहिलं. दोरीवर माझा युनिफॉर्म होता आणि आईचे दोन ब्लाऊज, तिन्ही उलटे, बाहीला बाही बांधलेले. समुद्रावरून वारा येत होता.

आईने फोन माझ्या हातात दिला.

"विचार," ती म्हणाली, "शर्ट किती आहेत."