शनिवारी न काढलेला फोटो

आमच्या पेणमध्ये पक्ष्यांचे फोटो काढणारं माणूस एकच, शेजारच्या सिपोराबाई. भाऊ इस्राएलला गेला तेव्हा त्याचा कॅमेरा मागे राहिला. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी तो हाती घेतला. थंडीत उत्तरेकडून येणारे तुतवार, चिखले असे पक्षी खाडीकाठच्या बंद पडलेल्या मिठागरात उतरले की बाई बांधावर पालथ्या पडलेल्या असायच्या. सत्तरीची बाई. लोक हसायचे.

"बाई, ह्यातलं एक तरी पाखरू तुम्हाला ओळखतं का?" आमच्या आळीतली काशीबाई विचारायची.

"तुझ्या सुना ओळखतात का गो तुला?"

शनिवारी मात्र कॅमेरा कपाटात. तो ज्यूंचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार; शब्बाथला त्या चूलही पेटवत नाहीत, फोटो कुठला.

त्याच मिठागरात मुरूम टाकून बाग करायचं ठरलं. कारंजं, घसरगुंडी, आणि नाव म्हणे 'पक्षी उद्यान'. बाई आपले फोटो घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "हे कुठलेही असतील. मी स्वतः येतो. पक्षी दिसले तर काम थांबवतो." दिवस दिला शनिवारचा, वर सुट्टीतून वेळ काढल्याची मेहेरबानी. बाईंनी दोनदा बजावलं, दुपारी भरतीला या. ओहोटीला पाखरं खाडीच्या चिखलात चरायला पांगतात, चिखल बुडाला की मिठागरात येऊन बसतात. साहेब आले सकाळी, ऐन ओहोटीत. मिठागर रिकामं.

"कुठायत तुमचे पाहुणे?"

बांधावर बसलेला नाथा म्हणाला, "साहेब, पाखरं काय तुमचे शिपाई हायत, तुम्ही आलात की उभी राहायला?"

साहेब गाडीत बसून गेले.

आम्ही दोघी थांबलो. पाणी चढलं तसे थवे आले, एक वळला की सगळे वळायचे. संतापानं मला रडूच आलं. "बाई, पळत जाऊन कॅमेरा आणते. एकच फोटो. देव समजून घेईल."

"तो घेईल गो. मला नाय जमायचं."

मी मोबाइल काढला. त्यांनी अडवलं नाही, काढ असंही म्हटलं नाही, नुसती मान फिरवली. माझ्या फोटोत आले ठिपके. सोमवारी ते पाहून साहेब म्हणाले, "वहिनी, तांदूळ निवडत होतात का?" अख्खी कचेरी हसली.

पुढे लोक बाईंनाच बोलले, एक शनिवार मोडला असता तर काय बिघडलं असतं. साहेबाला भरतीपर्यंत थांबवेना, आणि शनिवार बाईंनी मोडायचा?

मुरूम पडला. उद्घाटनाआधी साहेबांचा माणूस बाईंच्या दारात. फाटकावर लावायला एखादा छानसा थवा हवा होता, खाली नावही टाकणार होते.

बाईंनी त्याला चहा दिला. म्हणाल्या, "थवे आहेत रे, पण ते ह्या बागेतले नाहीत. मुरूम काढा, मग न्या."

फाटकावर आता राजहंस आहे. पेणमध्ये राजहंस कुणी पाहिलाय?