कन्नडचं सांगून जायकवाडीला

पक्ष्यांचे फोटो काढायला चिपळूणहून छत्रपती संभाजीनगरला चाललेय, असं सांगितल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "आपल्याकडे काय कावळे संपले?" असं त्या म्हणाल्या आणि वाटेत खायला तांदळाच्या पिठाच्या वड्या बांधून दिल्या. पुण्यात एसटी बदलली, रात्रभर मान अवघडून बसले आणि सकाळी बसस्थानकावर उतरले. संघमित्रा खरात स्कूटरवर वाट बघत होती. आम्ही दोघी पुण्याच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत राहिलो होतो. ती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाली, मी बँकेतून. नोकरीत असताना तिला साहेबही घाबरायचे म्हणतात, आणि मला त्याचं मुळीच नवल वाटत नाही.

"लई वाळलीस गं," ती म्हणाली. हे धादांत खोटं होतं, पण ऐकून बरं वाटलं.

तिचं घर छावणीजवळ आहे. गेल्या गेल्या तिने समोर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, दाण्याचा कूट घातलेला उपमा) ठेवली आणि खाता खाता मला कामाला लावलं. दर वर्षी मार्चच्या सुरुवातीला तिची आणि तिच्यासारख्याच पक्षीवेड्या मोईनभाईंची स्पर्धा लागते. सूर्योदयापासून दुपारच्या जेवणापर्यंत जिल्ह्यात कुठेही हिंडायचं आणि जास्तीत जास्त जातींच्या पक्ष्यांचे फोटो काढायचे. प्रत्येक बाजूला दोन माणसं. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यांना नान-खलिया (मैद्याची मोठी रोटी आणि हळदीच्या रंगाचा मटणाचा पातळ रस्सा) खाऊ घालायचा. संघमित्रा गेली काही वर्षं सतत खाऊ घालत होती आणि तिला ते फार लागलं होतं.

"औंदा नाय म्हंजी नाय," ती म्हणाली. "तुला काय उगंच बोलावलं का एवढ्या लांबून? तुझी नजर लई बारीक हाय."

आता पाहुणचार गोड लागायचा बंद झाला. मी हरले तर ही मला परतीच्या एसटीत बसवायलाही येणार नाही, असं वाटायला लागलं.

संध्याकाळी आम्ही औरंगपुऱ्यात मोईनभाईंच्या दुकानी गेलो. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस उंच, मृदू बोलणारा, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुर्बीण पुसत बसणारा. त्यांची मुलगी निखत दातांची डॉक्टर, ती त्यांची जोडीदार. चहा आला आणि नियमांची उजळणी झाली. पक्षी ओळखू येईल असा फोटो हवा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. घरट्यावरच्या किंवा अंडी-पिल्लांपाशी असलेल्या पक्ष्याचा फोटो धरायचा नाही. हा शेवटचा नियम संघमित्राने घातलेला. परत आल्यावर एकमेकांचे फोटो एकमेकांनी तपासायचे.

"मग उद्या किधर?" मोईनभाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कन्नडला. घाटात," संघमित्रा म्हणाली.

"अरे व्वा! आम्ही पण कन्नडलाच चाललो. घाटात भेट होईलच मग, मॅडम."

रिक्षात बसल्यावर संघमित्रा हसायला लागली. आम्ही जाणार होतो नेमक्या उलट्या दिशेला, जायकवाडीच्या फुगवट्याकडे (धरणामागे पसरलेल्या पाण्याकडे). "जाऊ दे त्यास्नी घाटात," ती म्हणाली.

पहाटे तिच्या जुन्या गाडीतून निघालो. या गाडीचा हँडब्रेक नावालाच आहे. म्हणून ती थांबली की इंजिन बंद करून गाडी गिअरमध्येच ठेवते. पैठणच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवालीने आमच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यांकडे बघत विचारलं, "कशाचं फोटू काढता बाई?"

"पाखरांचं."

"इकून किती येत्यात?"

"इकत नाय मावशी. नुसतं काढायचं."

तिने आम्हाला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि चहात साखर जरा जास्त घातली.

उजाडता उजाडता पाण्याकाठी पोहोचलो. कोकणात पाणी दिसतं ते झाडांच्या फटीतून. इथे पाणी आणि आभाळ यांच्यामध्ये आडवं यायला काही नव्हतं. पाणी ओसरलेल्या काठावर हिरवळ होती, त्यामागे दगडगोट्यांचा उघडा माळ. लांब रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. शेकाटे आपल्या लांबलचक लाल पायांनी चिखल तुडवत होते. हळदी-कुंकू बदकं, चक्रवाक, नदी सुरय, काठाने तुरुतुरु धावणाऱ्या तुताऱ्या. मी भराभर फोटो काढत होते आणि शेजारी संघमित्रा प्रत्येक फोटोला "आला?" म्हणून विचारत होती. बाभळीवर वेडा राघू मिळाला, तारेवर नीलपंख. मान कधी सुटली ते कळलंही नाही.

या पक्षीवाल्या लोकांची एक पद्धत आहे. गाडीतून उतरायचं नाही. पक्षी माणसाला भितात, गाडीला तेवढं भीत नाहीत. म्हणून गाडी अशी वळवून लावायची की सूर्य पाठीशी येईल, काचा खाली करायच्या आणि आतूनच फोटो काढायचे. संघमित्राने रस्ता सोडला आणि आरशात बघत गाडी माळाच्या उतारावर मागे घेतली. गाडीचं तोंड चढाकडे, पाठ पाण्याकडे. इंजिन बंद केलं.

लगेच एक टिटवी माझ्या खिडकीशी येऊन ओरडायला लागली. इतकी जवळ की डोळ्यापुढची लाल कातडी, चोचीचं काळं टोक, सगळं दिसत होतं. टिटवी तशी गल्लोगल्ली दिसणारी, आणि म्हणूनच सकाळपासून आम्ही दोघींनी तिचा फोटो काढलेला नव्हता. मी धडाधड काढले. "मित्रा, बघ गं, किती धीट आहे!" दुसरी टिटवी मागच्या बाजूला उतरली आणि एक पंख जमिनीवर लोळवत, लंगडल्यासारखी चालायला लागली. मी तिचेही काढले. उन्हात तो पंख असा काही उजळला होता!

संघमित्राचा आवाज एकदम बारीक झाला. "थांब. कॅमेरा खाली ठेव."

"का गं?"

"पंख मोडल्याचं सोंग करतीय ती. आपल्याला लांब न्यायला बघतीय. अंडी हायेत इथं. गाडीपाशीच."

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, गोट्यांमध्ये अंडी घालते, आणि अंड्यांचा रंगही मातीसारखा, वर काळे ठिपके. पावलावर असली तरी दिसत नाहीत. गाडीतून न उतरण्याच्या शहाणपणापायी आम्ही खाली बघितलंच नव्हतं, आणि वर तिच्या आकांताचे फोटो काढत बसलो होतो. मी दार उघडायला गेले तर संघमित्रा ओरडली, "पाय ठिवू नको! कुठं ठिवशील?"

गाडी चालू करायची तर क्लच दाबावा लागणार, आणि हँडब्रेक नसल्याने गाडी उतारावर थोडी तरी मागे जाणार. चाकामागे काय आहे हे आतून दिसत नव्हतं. कदाचित अंडी चाकाखाली कधीच गेली असतील, हेही दोघींच्या मनात होतं, पण बोललं कुणी नाही. घरट्यापाशी फोटो नको असा नियम करणारी ही बाई स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती.

पलीकडच्या काठावर एक पांढरी गाडी उभी होती. संघमित्राने फोन लावला.

"मोईनभाई, कुठं हायेत तुम्ही?"

"कन्नडला, मॅडम. घाटात. लई थंडी है इधर."

"खोटं नका बोलू. समोर तुमची गाडी दिसतीय मला. मी टिटवीच्या अंड्यांवर गाडी घातलीय बहुतेक. मला हलता येईना."

पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हलू नका. आलो."

पाण्याला वळसा घालून ते आले, गाडी लांब रस्त्यावरच ठेवली, आणि बापलेक पावलापावलाला जमीन बघत चालत आले. मोईनभाई मध्येच पोटावर पालथे पडले आणि दुर्बिणीतून आमच्या गाडीखाली पाहू लागले. टिटव्या आता त्यांच्या डोक्यावर झेपा घालत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"सलामत है!" ते ओरडले. "चार अंडी. डाव्या मागच्या चाकाच्या मागं, वीतभर. चारो सलामत!"

संघमित्राने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला रडूच आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

पण वीतभर म्हणजे किती! गाडी तेवढी सहज मागे सरकली असती. निखतने दोन मोठे दगड आणले आणि उजव्या मागच्या चाकाला मागून पक्के ठासले. मोईनभाई लांबून डाव्या चाकावर नजर ठेवून पालथेच राहिले. "बिस्मिल्ला करा," ते म्हणाले. संघमित्राने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, क्लच दाबला. गाडी दगडावर टेकली, कुरकुरली, आणि तिथेच थांबली. मग हळूहळू पुढे सरकली. पुढे, आणखी पुढे, रस्त्यावर.

तरी सुटका झाली नव्हती. ऊन चढलं होतं, अंडी उघड्यावर तापत होती. टिटव्या परत बसतात की नाही, हे कळल्याशिवाय तिथून हलायला कुणीच तयार नव्हतं. दोन्ही गाड्या खूप लांब नेल्या आणि आम्ही चौघं बांधाच्या सावलीत बसलो. स्पर्धेचा वेळ चालला होता. आमच्या समोरून भोरड्यांचा थवा गेला, शिक्रा गेला, कुणी कॅमेऱ्याला हात लावला नाही. काकूंच्या वड्या मी वाटल्या. निखत हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "खाला (मावशी), फोन आला तेव्हा अब्बांच्या समोर मीनखाई घार होती. पाण्यावर झेप घेणारच होती. किती वर्षं वाट बघतायत ते त्या फोटोची. तसेच उठले." मोईनभाईंनी ते ऐकलं असावं, पण ते दुर्बिणीतून माळाकडेच बघत राहिले.

एक टिटवी उतरली. चार पावलं चालली, थांबली. परत उडाली. संघमित्राने माझा हात इतका दाबला की दुखला. टिटवी पुन्हा उतरली, इकडेतिकडे मान फिरवली, काही नसल्यासारखी हिंडली. मग पोटाखालची पिसं फुगवली, जरा हलली, आणि बसली. बसल्यावर ती दगडच झाली. कुठे आहे ते माहीत असूनही मला पुन्हा शोधावी लागली.

"बसली," संघमित्रा म्हणाली. "बसली गं माय."

मोईनभाईंनी आभाळाकडे हात करून ते तोंडावरून फिरवले.

दुपारी दुकानातल्या संगणकावर फोटो तपासले. मोईनभाईंनी आमचे पाहिले, आम्ही त्यांचे. ते एकाने पुढे होते. त्यांनी आमचे फोटो पुन्हा वरखाली केले. "मॅडम, टिटवी किधर है? तुम्ही तर तिच्या तोंडासमोर होता."

"वाटंतच पुसून टाकले समदे," संघमित्रा म्हणाली. "नियम माझाच हाय."

"पण तेव्हा कुठं माहीत होतं? मी धरतो ना, मॅडम. बराबर होऊन जाईल."

"नाय. ती अंड्यांपाशीच होती. तुमचा एक जास्त. चला, भूक लागली."

आणि ही बाई, जी वर्षभर हरण्याचा राग धरून होती, ती मोईनभाईंच्या ताटात हट्टाने रोटी वाढत होती, खलिया परत मागवत होती आणि मध्येच विनाकारण हसत होती. मी इतका तिखट रस्सा आयुष्यात प्यायले नव्हते, तरी दुसरी वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी ती मला एसटीत बसवायला आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "लई वाचलो गं आपण." मीही मान हलवली.

चिपळूणला आल्यावर शेजारचे सगळे फोटो बघायला जमले. रोहित बघून काकू खूश झाल्या, नीलपंख बघून बाकीचे. "आणि जिंकलात ना?" असं कुणीतरी विचारलं. हरलो, एका पक्ष्याने, असं मी सांगितलं. सगळे हळहळले, काकूंनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. कोणता पक्षी कमी पडला, असं त्या विचारत होत्या. मला सांगायचं होतं की त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ मी तोच पक्षी पाहिला. पण दाखवायला काही नव्हतं. म्हणून मी त्यांना खाली अंगणात नेलं, गोट्यांच्या मातीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "असं समजा, इथे चार अंडी आहेत. आता सांगा, पाय कुठे ठेवाल?"

काकू बराच वेळ पाऊल उचलून तशाच उभ्या राहिल्या.