वडिलांच्या स्लॅबची खडी

वडील गेले आणि पाठोपाठ नांदेडच्या घराची पुढची खोली रस्ता रुंदीकरणात गेली. आई माझ्याकडे लातूरला आली ती टेम्पोतून. सामानात साड्यांची एक पेटी आणि त्या खोलीच्या फुटलेल्या स्लॅबच्या तुकड्यांची चार पोती होती. वडील शिक्षक होते; तो स्लॅब त्यांनी शाळेत रजा टाकून, उन्हात उभं राहून घालून घेतला होता. माझ्या दारापुढे पायरी म्हणून नुसत्या विटा होत्या. तिथं नीट पायरी करावी आणि तिच्यात हे तुकडे घालावेत, एवढंच आईचं म्हणणं होतं. मिस्त्रीही तिनंच सांगून ठेवला.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात बांधकाम साहित्य शिकवतो. त्यामुळे नुसतं ‘बरं’ म्हणणं मला जमलं नाही. जुन्या काँक्रीटच्या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, ते पाणी पितं, म्हणून आधी तपासावं लागतं, असं मी तिला समजावलं. दारापुढच्या पायरीसाठी असली तपासणी कोणी करत नाही, हे मला ठाऊक होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं. वडील गेल्यावर मी रडलो नव्हतो. निदान काहीतरी करतोय, असं तिला वाटलं असावं.

पोती प्रयोगशाळेत नेली. तुकडे फोडले, चाळले, रात्रभर भिजवले, पुसून वजन केलं, भट्टीत वाळवून पुन्हा केलं. खडी पाणी बरीच पीत होती. मला ते लागलं, जणू वडिलांविषयीच कोणी काही बोललं होतं.

पुढची चाचणी ठोक्याची. लोखंडी भांड्यात खडी भरायची, वरून जड घण पाडायचा आणि किती भुगा झाला ते पाहायचं. भुगा कमी, तर खडी चांगली. त्याआधी ढीग सपाट करून त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवतात आणि बाकीचे बाजूला सारतात, म्हणजे निवडीत आपला हात राहत नाही. हे मी दरवर्षी मुलांना खडूनं फळ्यावर काढून दाखवतो.

प्रयोगशाळेत मदतीला असलेले चाचा झाडू घेऊन उभे होते. “सर, हे दोन हिस्से काढू का?”

“राहू द्या.”

“मग पाडले कशाला?”

मी चारही भाग तपासले. एकाचा निकाल दुसऱ्याशी जुळेना, म्हणून पुन्हा तपासले. मग सरासरी काढायची म्हणून आणखी. कॉलेज सुटल्यावर रोज मी घण वर घेत होतो आणि सोडत होतो. इतकं मन लावून मी आजवर कुठलंही संशोधन केलेलं नाही. शेवटी आकडे चांगले आले. साध्या काँक्रीटला ही खडी खुशाल चालेल, असं सिद्ध झालं.

उरलेली खडी स्कूटरवर ठेवून मी घरी आलो आणि आईला सांगितलं, माल उत्तम आहे. ती बाहेर आली आणि तिनं स्कूटरभोवती फिरून पाहिलं.

“बाकीची पोती?”

मी चाचणीची पद्धत सांगायला लागलो. अर्ध्यातच तिला कळलं.

“म्हंजे तू इतके दिवस त्याचं पीठच करून राहिलास?”

निकालाचा कागद मी खिशातच ठेवला.

“उद्या मिस्त्री येतोय. ते पीठ बी घेऊन ये, वाळूत जाईल.”

वाळूच्या जागी भुगा वापरायचा तर त्याचीही वेगळी चाचणी असते, असं माझ्या तोंडून निघून गेलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“अस्थी गंगेत सोडल्या तवा तपासल्या व्हत्या का?”

दुसऱ्या दिवशी मी भुगा आणला. चाचांनी तो कोपऱ्याकोपऱ्यातून गोळा करून पोत्यांत बांधून दिला. त्यात दुसऱ्या कोणाचीही खडी असू शकते. मिस्त्रीनं तो, उरलेली खडी, विकतची खडी, वाळू आणि सिमेंट एकत्र कालवलं. कुठं काय पडलं हे आता कोणी सांगू शकणार नाही. पायरी झाली. आई तिच्यावरून सहज ये-जा करते. मी अजून कडेकडेनं चढतो आणि ती दारातून म्हणते, मधून ये की.